मुंगीसाठी पाळणाघर

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार, आणि आधी तुझ्या उजव्या गुडघ्याची चौकशी. जिना उतरताना अजून कुरकुरतो का? शेक घेतेस, की नुसतीच डॉक्टरांना नावं ठेवतेस? (तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होतीस, तेव्हा नावं ठेवण्याचा तुझा हक्क मान्य आहे.) इकडे सगळे मजेत. म्हणजे तुझी भाचेसून मजेत आहे, चौदा महिन्यांची मुंगी मजेत आहे, आणि मी गेले तीन आठवडे धड एका जागी बसलेलो नाही.

कारण असं, की हिची रजा एक तारखेला संपते. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिला पुन्हा रुजू व्हायचंय, आणि मुंगीसाठी पाळणाघर शोधायचं काम तिने माझ्यावर टाकलं. का, तर मी रोज लिफ्ट तपासतो, मग एखादं घर तपासायला काय जातंय! आत्या, लिफ्ट सोपी गं. ती दोरावर लोंबकळते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाळणाघरात सगळं जमिनीवर असतं आणि जीव मात्र माझा लोंबकळतो.

पहिल्या घराच्या दारावर ठसठशीत पाटी होती, ‘परवानाधारक घरगुती पाळणाघर’. बाई गोड. इतक्या गोड, की मला संशयच आला. परवाना बघू म्हटलं, तर त्यांनी भिंतीवर पार छताजवळ टांगलेली फ्रेम दाखवली. मी स्टूल मागून घेतलं, वर चढलो, चष्मा पुसला आणि वाचलं. परवाना खरा होता, शिक्का खरा होता, मुदतही शिल्लक होती. फक्त तो कुत्रा पाळण्याचा होता. (कुत्रा स्टुलाखालीच येऊन बसला होता, त्यामुळे मला उतरायला जरा वेळ लागला.) बाईंचं म्हणणं, ज्या घरात मुकं जनावर नीट सांभाळतात तिथे बोलकं मूल का नाही सांभाळणार? याला उत्तर होतं, पण ते मला रस्त्यावर आल्यावर सुचलं.

मग मी शहाणा झालो. परवाने देणाऱ्या कचेरीत गेलो आणि तिथल्या कारकुनाकडून यादीच उतरवून घेतली. यादीतलं पहिलं घर कसं, तर आरशासारखं. विजेच्या प्रत्येक सॉकेटवर झाकण, औषधांच्या कपाटाला कुलूप, जिन्याला फाटक. बाई म्हणाल्या, केव्हाही या, फक्त फोन करून या. तो ‘फक्त’ मला दोन रात्री टोचत राहिला. मंगळवारी कामाच्या मधल्या वेळेत फोन न करता गेलो. दार लोटलेलं. आत पाच मुलं टक्क जागी, आणि त्यांना सांभाळायला ठेवलेले बाईंचे सासरे आरामखुर्चीत गाढ झोपलेले. बाई शिंप्याकडे गेलेल्या. एक पोर जिन्याच्या उघड्या फाटकाशी पोचलं होतं. एक पाय फाटकाच्या आत, एक बाहेर.

त्याला उचललं ते घट्ट धरूनच ठेवलं, आत्या. अठराव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा राहतो तेव्हा दोरही मी इतका घट्ट धरत नाही.

आता पाच मुलांना तशीच टाकून येणार कसा? बसलो तिथेच. दोन लंगोट बदलले (दुसरा उलटा बसला), एकाच्या तोंडातून बटण काढलं. त्यातच आमच्या साहेबांचा फोन, की तिसऱ्या मजल्यावर एक वकील लिफ्टमध्ये अडकलाय. मी म्हटलं, वकील मोठे आहेत, त्यांना थांबायला सांगा, दुसरा मेकॅनिक पाठवा. चाळीस मिनिटांनी बाई आल्या आणि परक्याच्या घरात शिरलो म्हणून मलाच फैलावर घेतलं. सासरे त्या आरडाओरड्याने जागे झाले आणि मला म्हणाले, या, बसा. मी तिथून उठलो तो थेट कचेरीत. कारकुनाने तक्रार लिहून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तपासनीस तिथे धडकला. त्या संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगितलं, तर ही आधी कॅलेंडर पाहून आली. मुंगीला जवळ घेऊन बसून राहिली. रजेचे सहा दिवस उरले होते.

शेवटी कारकुनानेच एक नाव सुचवलं. पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या, आता घरी पाच मुलं सांभाळतात. त्यांच्या फायलीत म्हणे एकच शेरा आहे, ‘तपासनिसास बूट काढावयास लावले.’ आम्ही तिघं न कळवता गेलो. बाई दारात आल्या त्या मुलं मोजतच. दर दोन मिनिटांनी मोजतात, जुनी सवय. परवाना डोळ्यांच्या उंचीवर, खाली प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतल्याचा कागद. मला खोट सापडेना, म्हणून मी जास्तच बेचैन झालो. जिन्याचं फाटक धरून जरा गदागदा हलवलं, तर ते बिजागरीसकट माझ्या हातात आलं.

“चार वर्षं पोरं त्यावर लोंबकळताहेत,” बाई म्हणाल्या, “तुम्ही अर्ध्या मिनिटात उपटलंत.”

पिशवीत हत्यारं होतीच. मी मुकाट्याने जमिनीवर बसून लांब स्क्रू लावले. मान वर केली तर मुंगी हिच्या कडेवरून उतरून थेट मुलांत जाऊन बसली होती. मी दिसतोय का, हे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

एकच जागा शिल्लक होती. बाईंनी आमचीच मुलाखत घेतली.

“दिवसातून किती फोन कराल?”

“गरजेपुरते,” मी म्हटलं.

“म्हणजे चाळीस,” ही म्हणाली. (स्वतःची बायको!)

तरीही बाईंनी जागा दिली. तर अशी इकडची खुशाली. गुडघ्याला जप.

तुझा,
लिफ्टवाला

ता. क. १ : तिथल्या अर्जात, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, असा एक रकाना आहे. आमच्या अर्जात बाईंनी त्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, ‘वडिलांना आवरू शकेल अशी घरातली व्यक्ती’. मी तुझं नाव आणि फोन नंबर लिहून मोकळा झालोय. त्याला तुझी संमती हवी, म्हणून तर हे पत्र.

ता. क. २ : आज मुंगीचा पहिला दिवस. हे पत्र मी पाळणाघराच्या पायरीवर बसून लिहितोय. सव्वा तास झाला. आतून रडण्याचा आवाज नाही, हे मला अजिबात ठीक वाटत नाही.

ता. क. ३ : बाई आत्ता बाहेर आल्या. म्हणाल्या, मुंगी खेळून झोपली. मग माझ्या तोंडाकडे पाहून आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या, मुलांच्या दोन कानांच्या पेल्यात. मी दोन्ही कान धरून प्यायलो. मग म्हणाल्या, “आत्यांना फोन लावू, की आपले आपण जाताय?”

निघालोय. निदान कोपऱ्यापर्यंत.