देवाचं एक वाक्य

४ फेब्रुवारी

आजही ट्रकमध्ये. पलंग, दोन खांब, देवळाची कमान आणि मी. नाटकाची बस पुढे निघून गेली, तिच्यातली गाणी मागे ऐकू येत राहिली. व्यवस्थापकाला विचारलं तर म्हणतो, "बस नटांची. तुम्ही दुसऱ्या अंकातला देवाचा पुतळा. पुतळा सामानात धरतात." वर चहा पाजला. राग यायला हवा होता, हसूच आलं. कमानीला टेकून डुलकी काढली.

५ फेब्रुवारी

अक्कांना कळलं. नाटकात त्या आईचं काम करतात, एरवी नटसंघाच्या अध्यक्ष — आवाज दोन्हीकडे एकच. "आजपासून तुम्ही संघात," म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या. संघाचा नियम: रंगमंचावर निदान एक वाक्य बोलेल तो नट. नियम त्यांनीच केलेला. पूर्वी एका मालकाने आपले मेहुणे-भाचे भाले देऊन मागे उभे केले आणि संघाच्या सभेत त्यांना आपल्या बाजूने हात वर करायला लावले, म्हणून. "माझंच माझ्या अंगावर आलं," अक्का म्हणाल्या. "थांबा. तुम्हाला वाक्य मिळवून देते."

मला वाक्य! पन्नाशी आली. रस्त्याने येताना उगाच ओठ हलवून पाहिले.

७ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. "घरी तरी कुठे बोलता? रंगमंचावर निदान लोक पाया पडतात." मग स्वतःच हसत सुटली. पण जेवताना विचारलंच — वाक्य काय असणार?

तोच तर घोळ. नाटकात मुलगा परागंदा झालेला. आई देवापुढे रडते, देव गप्प, मुलगा शेवटपर्यंत येत नाही. 'तथास्तु' म्हटलं तर मुलगा यायला हवा, म्हणजे तिसरा अंक खलास. 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. देवाचं सोंग घेतो तेवढं पुरे, त्याच्या नावावर नकार कसा देऊ? चौथऱ्यावर चढण्याआधी मी मनात त्याची परवानगी घेतो. आज विचारलं, तू काय म्हणाला असतास? गप्प. सवयच आहे त्याला.

९ फेब्रुवारी

मालकांच्या खोलीत बैठक. मालक म्हणाले, "आज देव बोलला, उद्या कमान बोलेल." लेखक म्हणाला, "अहो, देव गप्प आहे म्हणून तर नाटक आहे."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "ठीक. देव गप्प, तर उद्यापासून आईही गप्प. बापही, सूनही, शेजारीही. सगळा संघ गप्प. विका तिकिटं."

मालकांनी पाणी मागवलं.

मी दाराशी उभा. एकदम तोंडून गेलं — आई विचारते ना, 'ऐकतोस तरी का रे?' तिथे नुसतं 'ऐकतोय' म्हणू का?

व्यवस्थापक: "हा शब्द झाला. नियमात वाक्य आहे."

लेखकाने तो शब्द वहीत लिहून पाहिला. मग म्हणाला, "वाक्यच आहे. क्रियापद आहे, कर्ता लपलेला."

"घ्या एकदाचा आत," मालक म्हणाले.

कर्ता लपलेला! गावच्या शाळेत हे घोकलं होतं. तेव्हा वाटलं नव्हतं की देवाबद्दल चाललंय.

१० फेब्रुवारी

दिवसभर तालीम. बायको म्हणाली, "अहो, नळ बंद करा." मी म्हणालो, "ऐकतोय." तिने स्वतःच बंद केला.

१२ फेब्रुवारी

प्रयोग झाला. बोललो. आवाज माझाच, पण जरा खोलातून आला. अक्कांना सगळं ठाऊक होतं, तरी दचकल्या. पुढचं बोलणं विसरल्या, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. विंगेत लेखक डोळे पुसतोय, आणि मला आनंदाने हसू आवरेना. पुतळ्याचं पोट हलत होतं. देवा, सांभाळून घेतलंस.

परतताना बस. खिडकी. सगळ्यांबरोबर गायलो, चाल सोडून.

१५ फेब्रुवारी

संघाच्या कचेरीत सही करायला गेलो. दारात एक बुजरा माणूस. मुलांच्या नाटकात तो घोड्याचे मागचे पाय. "पुढचे पाय तुमच्या संघात आहेत," म्हणाला, "घोड्याचं तोंड त्यांच्याकडे असतं म्हणून. माझं काही होईल का?"

अक्कांनी त्याला माझ्यासमोर खुर्ची दिली. "यांना सांगा," म्हणाल्या. "आजपासून तक्रारी हे ऐकणार."