जाड पडदे

तीर्थरूप आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

दादाने तुझा रक्ताचा रिपोर्ट पाठवला. ड जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. ते कमी पडलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू समोर आला तरी सुस्तावतात. तुझा खोकला हटत नाही त्याचं हेही एक कारण, असं डॉक्टर म्हणाले.

उन्हाने तुला चक्कर येते म्हणून ते जाड पडदे मीच हौसेने पाठवले. आणि तूही लेकीचा शब्द खाली पडू दिला नाहीस! फोनवर तू खोकलीस की मला ते पडदेच दिसतात.

आता सकाळी गच्चीवर बसत जा. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. गोळ्या घेतेस ना?

माझी काळजी नको. आमची प्रयोगशाळा तळघरात आहे, ऊन अजिबात लागत नाही.

तुझी,
अतिशहाणी