सात तास कमी

बाई, काल दुपारी मी माझी पाचही लॉगबुकं, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या वह्या, जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडली आणि पहिल्या पानापासून बेरीज करायला बसलो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता त्या तासांचं कुणाला काय पडलंय, असं बायको म्हणाली, आणि तिचं बरोबरच आहे. पण मिनिटांचा रकाना उतरता उतरता माझ्या लक्षात आलं की मी कानडीत मोजतोय. मला कानडी येत नाही. ऐदु, हत्तु, हदिनैदु, इप्पत्तु, म्हणजे पाच, दहा, पंधरा, वीस, एवढंच येतं, आणि तेही तुमच्या स्वयंपाकघरात एका दुपारी कानावर पडलेलं. मग बेरीज तिथंच सोडली आणि हा कागद ओढला. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा हे टपालात पडणार नाही हे उघडच आहे. टपालात पडायचं असतं तर मी ते लिहिलंही नसतं, पण त्याबद्दल शेवटी सांगतो.

सोलापुरात तुमच्या वर्गात आलो तेव्हा मी आमच्या गावचं, वळसंगचं बोलणं आणि वळसंगचं गणित दोन्ही बरोबर घेऊन आलो होतो. तास-मिनिटांच्या बेरजेत मी शंभराला एक हातचा घ्यायचो. साठाला घ्यायचा असतो हे मला माहीत होतं, पण हात ऐकायचा नाही. "घड्याळ शंभरावर फिरतं का रे तुमच्या वळसंगात?" असं तुम्ही सगळ्या वर्गासमोर विचारलंत आणि पुढं वर्षभर पोरांनी मला वेळ विचारून छळलं. मला तुमचा राग यायचा. आणि तरीही हवाई दलाचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी तुमच्याच दारात उभा राहिलो, कारण इंग्रजी अर्ज न खोडता भरून देणारं दुसरं कुणी मला ठाऊक नव्हतं. आमचे अण्णा बरोबर आले होते. शेतातून थेट एस.टी. पकडून आलेले, उंबऱ्याच्या आत यायला तयार नाहीत. ते म्हणाले, "बाई, इमान वर जातंय ते मला बी ठावं हाय. खाली आनायचं शिकीवत्यात का न्हाय, तेवढं इचारा की." तुम्ही हसला नाहीत. "तेच आधी शिकवतात की हो," म्हणालात, आणि अण्णांनी त्या एका वाक्यावर अंगठा उठवला.

पुढची सात-आठ वर्षं गाळतो. सत्तरचं दशक निम्मं सरलेलं, मे महिना, आणि मी रजेवर सोलापुरात. आसामातला एक तळ सोडून दुसऱ्या तळावर माझी बदली झाली होती, आणि बदलीच्या वाटेवरची ही रजा होती. एरवी लॉगबुक स्क्वाड्रनमध्येच असतं, पण बदली झाली की ते वैमानिकाबरोबर जातं. नव्या ठिकाणी साहेबांना आपलं तोंड माहीत नसतं, ते वही उघडतात. कुठल्या विमानावर किती उडलास, दिवसा किती, रात्री किती, कॅप्टन म्हणून की शेजारी बसून, सगळं त्यात. माणूस काय लायकीचा आहे ते त्या वहीवरून ठरतं. मी डाकोटा या मालवाहू विमानावर को-पायलट होतो. डोंगरातल्या ठाण्यांवर तांदळाची, मिठाची पोती टाकायचो. कॅप्टन व्हायला ठराविक तास भरावे लागतात, आणि ते भरून माझ्या वहीत नऊ तास वर झाले होते. म्हणजे नव्या तळावर गेलो की डावीकडची, कॅप्टनची खुर्ची माझी. हे अण्णांना सांगून झालं होतं. त्यांनी धोतराला हात पुसून वही हातात घेतली होती, वाचता येत नसताना पान न् पान बघितलं होतं, आणि "लई लिवलंय की" म्हणाले होते. मग मी ती तुम्हाला दाखवायला आणली. खरं सांगायचं तर मिरवायला आणली.

तुम्ही शेंगा भाजून कुटत होता. रविवार होता, त्यामुळं शेजारच्या घरातला मागही बंद होता, आणि पेठेत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कपाळावर विभूती, बोटांना शेंगांची टरफलं. हात धुतलेत, चांगले कोरडे केलेत, पाटावर वही ठेवलीत आणि माझ्याकडं न बघता विचारलंत, "ही बेरीज कोण तपासतं?" मी सांगितलं, महिना संपला की आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसून स्क्वाड्रनच्या रजिस्टरवरून आपापलं उतरवतो आणि साहेब सही करतात. "सही करतात ते कळलं. बेरीज कोण करतं?" तुम्ही पेन्सिल घेतलीत, पाठकोरा कागद घेतलात आणि पहिल्या पानापासून सुरू केलंत. ओठातल्या ओठात कानडी. माझा चहा निवला तरी तुमचं चौथंच पान चालू होतं. मला वाटलं, आता बाई माझी सगळी दुपार खाणार.

आणि मग तुम्ही हसलात. एका पानावर मिनिटांची बेरीज तीनशे चाळीस होती आणि मी तीन तास चाळीस मिनिटं लिहिली होती. "अजून शंभरालाच हातचा घेतोस की रे. दोन तास बुडवलेस स्वतःचे." मलाही हसू आलं. नऊचे अकरा झाले म्हणून मी खूशही झालो. तुम्ही पान उलटलंत आणि पेन्सिल थांबली. पान संपलं की तळाची एकूण बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर उतरवायची असते. माझ्या पानाच्या तळाला ४६८ होते. पुढच्या पानाच्या माथ्यावर मी ४८६ लिहिले होते. आठ आणि सहाची अदलाबदल झाली होती. त्यावर वर्षभराच्या सह्या, वर्षभराच्या बेरजा चढत गेल्या होत्या. अठरा तास जादा. तुम्ही कागदावर खाली वजाबाकी केलीत, दोनदा केलीत, आणि कागद माझ्याकडं सरकवलात. कॅप्टन व्हायला मला सात तास कमी पडत होते.

मी काय काय बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं, म्हणून लिहायची लाज वाटते. सात तास म्हणजे दोन-तीन फेऱ्यांचं काम. आठवड्यात भरतील. पुढच्या पानांवर हळूहळू जुळवून घेता येईल. आणि वहीतला आकडा खोडता येत नाही, त्यावर रेघ मारून साहेबांची सही घ्यावी लागते. नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी ही वही दाखवली तर ते म्हणतील, ह्यानं कॅप्टन व्हायला तास फुगवले. चौकशी लागली तर नाव जाईल. शेवटी तुम्ही म्हणालात, "तुला कुणी खोटारडा म्हणेल याची भीती वाटतीय. बरोबर आहे, वाटायलाच पाहिजे. पण मागं पोती ढकलायला उभी असतात ती माणसं, त्यांनी तुझ्या वहीवर विश्वास ठेवलाय की नाही?" मी म्हणालो, बाई, सात तासांनी काय फरक पडतो. "काही पडत नसेल," तुम्ही म्हणालात. "मग सात तास उडून मग हो की कॅप्टन. तुला घाई कसली?" मग भाकरी वाढलीत. निघताना शेंगांच्या चटणीचा डबा दिलात आणि दारात एवढंच म्हणालात, "पोचलास की कळव. सांगितलंस तेही कळव."

नव्या तळावर मी साहेबांना सांगितलं. तुम्हाला पोस्टकार्डही टाकलं. साहेबांनी तो तुमचा पेन्सिलीचा कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं की हे कुणी शोधलं. माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी, मी म्हणालो. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला तो तिथं. असं उत्तर कुणी रचून सांगत नाही. पण त्यांनी सोडलं नाही. तीन दिवस विमानाला हात लावायचा नाही, पहिल्या पानापासून वही पुन्हा बेरीज करून आणायची, आणि दुरुस्तीच्या पानावर त्यांनी लाल शाईनं शेरा मारला की नोंदी ठेवण्यात निष्काळजीपणा. सात तास मी पाच दिवसांत भरले. तरी सहा महिने त्यांनी मला उजवीकडच्या खुर्चीतच ठेवलं. माझ्या मागून आलेली दोन पोरं माझ्याआधी कॅप्टन झाली, आणि मी त्यांच्या शेजारी बसून नकाशे धरले. त्या सहा महिन्यांत मी तुमच्यावर मनातल्या मनात इतका चिडलो होतो की चटणीचा रिकामा डबाही परत पाठवला नाही.

तो राग कधी गेला ते सांगता येणार नाही. पुढं नोकरीभर जिथं जिथं बदली झाली तिथं प्रत्येक साहेबानं वही चाळताना त्या लाल शेऱ्यावर बोट ठेवलं आणि प्रत्येकाला मला तुमची गोष्ट सांगावी लागली. हैदराबादकडचे एक साहेब तर म्हणाले होते की त्या बाईंना नेमून टाका, आमच्या स्क्वाड्रनला गरज आहे. मी स्वतः साहेब झालो तेव्हा महिनाअखेरीला पोरांच्या वह्या सही करण्याआधी बसून बेरजा करायचो. पाठीमागं मला मास्तर म्हणत. मला ते आवडायचं, कारण ते खरं तर तुम्हाला म्हणत होते. तेवीस वर्षं मी माणसं आणि पोती घेऊन उडलो आणि प्रत्येक वेळी सगळी खाली आणली. यात माझं नशीब किती, कौशल्य किती आणि तुमचं किती याची फोड मला करता येत नाही. पण तुमचा वाटा मोठा आहे, हे मी जिवंतपणी तुम्हाला सांगायला हवं होतं. अण्णांनी मला जन्म दिला, आणि मला खरं बोलायला लावलंत तुम्ही, बाई.

आता तो शेवट.

पोस्टकार्ड टाकलं तेव्हा मी साहेबांना सांगितलेलं नव्हतं. तळावर पोचलो त्याच दिवशी त्यांनी वहीचं शेवटचं पान बघितलं, तास पुरेत म्हणाले, पंधरवड्यात परीक्षा घेऊन कॅप्टन करतो म्हणाले, आणि मी हो म्हणालो. संध्याकाळी तुम्हाला लिहिलं: सांगितलं, साहेब काही बोलले नाहीत. तुमचं उत्तर आठ-दहा दिवसांनी आलं. अंतर्देशीय होतं. वर तुमच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द, शाब्बास. खाली तुमचंच अक्षर पण भाषा अण्णांची. तुम्ही माझं पोस्टकार्ड वाचून आनंदलात, तेवढ्यासाठी एस.टी.नं वळसंगला गेलात, अण्णांना सांगितलंत, आणि त्यांनी जे सांगितलं ते एक अक्षर न बदलता उतरवून घेतलंत: "बाई आल्त्या. तू आपनहून खरं सांगितलंस म्हनाल्या. इमान उडवतूस त्याचं मला कवतिक हाय, पर हे ऐकून लई बरं वाटलं. मला आनि काय नगं." मी ते मेसच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचलं आणि तसाच साहेबांच्या ऑफिसकडं चालत गेलो. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

त्यानंतरच्या प्रत्येक रजेत तुम्ही विचारायचात, "वही आणलीस का रे? बघू की." मी दर वेळी सांगायचो की बाई, ती तळावरच ठेवावी लागते. एकदोनदा ते खरं होतं. पण मधे तीनदा बदली झाली, तिन्ही वेळा मी वाटेत तुमच्याकडं जेवलो, आणि तिन्ही वेळा वही दारातल्या माझ्या ट्रंकेत होती. लाल शेऱ्याखाली तारीख होती. तुम्ही ती पोस्टकार्डाच्या तारखेशी ताडून बघितली असतीत.