हुकूम की रदबदली

प्रिय मास्तर,

एकोणीस वर्षांनी तुम्हाला लिहायला बसलेय. शुद्धलेखनाची हमी आधीच देते. तीनदा वाचल्याशिवाय पाकीट बंद करणार नाही. तरी कुठे वेलांटी चुकलीच, तर ती चष्मा जुना झाल्यामुळे चुकली असं समजा आणि पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवू नका. एवढी दया करा.

तुमच्या अम्मी गेल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. मी आले होते. तुमच्या जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आले, वर दाराशी चपलांचा ढीग दिसला आणि पाय उचलेना. आत जाऊन कोण म्हणून बसले असते? सून म्हणून बसायचा हक्क मीच सोडलेला, आणि शेजारीण म्हणून बसायला मन धजेना. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाबाहेर उभी राहून दुआ मागितली आणि परतले. तुम्हाला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, अम्मी दर थंडीत मला लोकरीचे मोजे विणून पाठवायच्या. निरोप नाही, चिठ्ठी नाही, नुसते मोजे. ज्या बाईने माझ्यासमोर तुम्हाला दुसरं लग्न कर म्हणून सांगितलं, तिचेच मोजे घालून मी इतके हिवाळे काढले. माणसं एका ओळीत मावत नाहीत, हेच खरं.

तो दिवस आठवतो ना? लग्नाला सात वर्षं झालेली आणि घरात मूल नाही. अम्मी म्हणाल्या, धर्मात चारांची मुभा आहे, मी काही जगावेगळं मागत नाही. तुम्ही संत्रं सोलत होतात. साल न तोडता एका लांब पट्टीत सोलायची तुमची ती खोड! मान वर न करता म्हणालात, "अम्मी, मुभेला लागूनच न्यायाची अट आहे. मला एकीशीच धड न्याय करता येत नाही, दोघींचं काय घेऊन बसलीस?" अम्मी आधी चिडल्या, मग त्यांनाच हसू फुटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले. त्या वाक्यातला अर्धा भाग तुम्ही गमतीने म्हणाला होतात. तो खरा आहे, हे आपल्या दोघांनाही अजून कळायचं होतं.

तसं पाहिलं तर आपली ओळखच भांडणातून झाली. तुम्ही शाळेत भाषा शिकवायचात आणि सुट्टीच्या दिवशी धर्मग्रंथावरचं विवरण लिहायचात. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. लढाईत पकडल्या गेलेल्या बायकांचा उल्लेख येतो, 'उजव्या हाताच्या मालकीच्या' असा, तिथे तुम्ही लिहिलं होतं 'आश्रित स्त्रिया'. मी समासात लिहिलं, 'दासी लिहा'. तुम्ही तणतणत छापखान्यात आलात. मुद्रितशोधकाने काना-मात्रा बघावी, अर्थात नाक खुपसू नये, असं पलीकडे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकाकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालात. मी म्हणाले, "आश्रित म्हटलं की छप्पर आठवतं. दासी म्हटलं की कुलूप आठवतं. तुम्हाला यातलं काय सांगायचंय?" तुम्ही माझाच पेन घेऊन त्या ओल्या कागदावरचा शब्द बदललात. महिन्याभरात निकाहची मागणी आली. नवऱ्याने बायकोला द्यायची मेहर म्हणून मी चार खंडांचा शब्दकोश मागितला, तेव्हा काझीसाहेबांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, मुलगी मनापासून बोलतेय ना, की थट्टा करतेय?

पुढे आपली ताटं रोज निवायची, कारण आपण जेवताना भांडायचो. तुम्ही म्हणायचात, गुलामगिरी तेव्हा साऱ्या जगात होती. धर्माने ती एका फटक्यात मोडली नाही, पण दारं उघडत नेली. चूक झाली, प्रायश्चित्त म्हणून गुलाम मुक्त करा. कुणी सुटकेचा करार मागितला, लिहून द्या. मी म्हणायचे, दारं उघडली हे खरं, पण किल्ली मालकाच्याच कमरेला राहिली ना? पकडून आणलेल्या बाईला कुणी विचारलं, तुझ्या मनात काय आहे? मग तुम्ही जाडजूड पुस्तकं काढायचात. जुन्या धर्मपंडितांनी नवरा-बायकोच्या कराराबद्दल बोलतानाही मालकीचीच भाषा वापरली आहे, हे पान तुम्हीच मला दाखवलंत. लपवता आलं असतं, लपवलं नाहीत. याच्याइतका प्रामाणिक माणूस जगात नसेल, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

आणि त्या मुक्त झालेल्या दासीची गोष्ट! ती तर आपण किती वेळा उगाळली. ती स्वतंत्र झाली, नवरा गुलामच राहिला. आता त्याच्यासोबत नांदायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिला मिळाला आणि तिने त्याला सोडलं. तो गल्लीगल्लीतून तिच्या मागे रडत फिरायचा, दाढी भिजेपर्यंत. पैगंबरसाहेबांना त्याची दया आली. परत गेलीस तर बरं, असं त्यांनी तिला सुचवलं. तिने विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त रदबदली करतोय. मग मला तो नको, असं ती म्हणाली, आणि कुणी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. मला या गोष्टीने प्रत्येक वेळी ताठ बसावंसं वाटायचं. तुम्ही मात्र त्या नवऱ्यापाशीच अडकायचात. इतकं प्रेम करणारा माणूस, तिने का सोडला असेल? कारण कुठेच नोंदलेलं नाही, म्हणायचात, आणि हळहळायचात.

मग तुमची पुस्तिका आली. माणूस माणसाचा मालक नाही, हेच तिचं सार. तिची मुद्रितं मीच तपासली, एकही चूक राहू दिली नाही. त्याच आठवड्यात छापखान्याच्या मालकांनी मला दुसऱ्या शहरात तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं. परतल्यावर मुख्य मुद्रितशोधक करणार होते. तुम्ही त्यांना फाटकाशी गाठून सांगितलंत, "घरून परवानगी नाही." मला विचारलंही नाहीत. मला ते मशीन चालवणाऱ्याकडून कळलं, सगळ्यांसमोर. संध्याकाळी मी तुमच्यापुढे पुस्तिका उघडून ठेवली. म्हणाले, "दासीला सुटकेचा करार मागता येतो, असं तुम्ही इथे लिहिलंय. मी कुणाकडे अर्ज करू?" तुम्ही दुखावून म्हणालात, "तू काय दासी आहेस?" मी म्हणाले, "तेच विचारतेय." तुम्ही त्या वेळी काहीही बोलला असतात, अगदी रागावला असतात, तरी चाललं असतं. तुम्ही पुस्तिका मिटलीत आणि चष्मा पुसत बसलात.

मी खुला मागितला. मेहर परत करून बाईला लग्नातून बाहेर पडता येतं, हे मला शिकवलं होतं तेही तुम्हीच. चारही खंड सुतळीने बांधून कंपोझिटरकाकांच्या हाती पाठवले. तुम्ही आढेवेढे न घेता सही केलीत. यासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानते.

त्यानंतर सहा आठवडे तुम्ही छापखान्यासमोरच्या फुटपाथवर उभे राहायचात. रोज संध्याकाळी, छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. बोलायचा नाहीत, मागे यायचा नाहीत, फक्त उभे. मी मान खाली घालून जायचे. छत्रीवाला एकदा मला म्हणाला, "बाई, त्यांना सांगा, गिऱ्हाईक समजून मी चारदा विचारलं." मी हसले, आणि वळणापुढे गेल्यावर भिंतीला टेकून उभी राहिले.

मग बडे मौलाना आले. तुमचे गुरू, वयाने थकलेले, काठी टेकत छापखान्याचा जिना चढले आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. म्हणाले, "बेटा, परत जा. तो नीट जेवत नाही." मी विचारलं, "हुकूम आहे का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्या गोष्टीतून बोलतेय, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. डोळे भरून आले आणि दाढीतल्या दाढीत हसूही. म्हणाले, "नाही गं. मी कोण हुकूम करणारा? रदबदली करतोय." मी म्हणाले, "मग नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दुआ दिली आणि उतरून गेले. दुसऱ्या दिवसापासून फुटपाथ रिकामा होता. मास्तर, तो रिकामा फुटपाथ मला त्या सहा आठवड्यांपेक्षा जड गेला.

प्रशिक्षण झालं, पद मिळालं. आता खिळे जाऊन संगणक आलेत, छापखाना मालकांची मुलगी चालवते, आणि मी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते. खोली छान आहे, सकाळी ऊन थेट टेबलावर येतं. अजूनही चूक सापडली की मोठ्याने वाचून दाखवते, आणि मग आठवतं की ऐकायला कुणी नाही. दर शुक्रवारी दुपारी आम्ही सात-आठ जणी मशिदीच्या वरच्या खोलीत वाचायला जमतो. मागे त्या पकडलेल्या बायकांचा मजकूर आला, तेव्हा आमच्यातली एक नर्स उठून गेली. दोन शुक्रवार आली नाही. तिसऱ्याला आली आणि म्हणाली, "मला उत्तर मिळालेलं नाही. पण प्रश्न घरी एकटीने सांभाळवत नाही." मी तिला सांगितलं, जे पचलं नाही ते पचलं म्हणून सांगू नकोस, इथे बस. तुमची पुस्तिकाही आम्ही वाचली. कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "हे लिहिणाऱ्याचं घर कसं होतं हो?" मी म्हणाले, घर चांगलं होतं. खोटं नाही बोलले.

आता हे पत्र का, ते सांगते. गेल्या महिन्यात तुमच्या पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीचं हस्तलिखित माझ्या टेबलावर आलं. तुम्ही एक प्रकरण वाढवलंय. 'हे पुस्तक लिहिणाऱ्याने स्वतःच्या बायकोच्या वतीने एकदा परवानगी नाकारली होती, आणि ती परवानगी त्याच्या हातची नव्हतीच' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. त्याच पानावर, त्या मुक्त झालेल्या बाईच्या नकारापाशी, समासात पेन्सिलीने लिहिलंय: 'कारण मला अजून कळलेलं नाही. मुद्रितशोधकांना ठाऊक असल्यास लिहावे.' तिचं कारण मला ठाऊक नाही, मास्तर. कदाचित तिला तो खरोखर नको असेल, आणि तेवढं पुरे. माझं सांगते. मला यायचं होतं. बडे मौलाना जिना उतरत होते तेव्हा त्यांच्या मागोमाग धावत यायचं होतं. पण माझ्या 'नाही'ला त्या दिवशी पहिल्यांदा किंमत आली होती, आणि ते एकदा खर्च केल्याशिवाय माझ्या 'हो'ला वजन आलं नसतं. वजन यायला एकोणीस वर्षं लागली. जरा जास्तच झाली, कबूल. काल मी नव्या काझीसाहेबांकडे गेले होते. त्यांनी सांगितलं, नवा निकाह, नवी मेहर, दोन साक्षीदार, आणि अटी घालायच्या असतील तर करारात लिहून घ्या. मग विचारलं, "मागणी घेऊन कोण जाणार?" मी म्हणाले, "मीच." त्यांना खोकल्याची उबळ आली. तर ही ती मागणी. माझं काम चालू राहील, ही शिंप्यावरची खोली माझ्याकडेच राहील आणि माझ्या वतीने कुणी कुणाला काही सांगणार नाही, एवढ्या तीन अटी आहेत. तुमच्या असतील त्या तुम्ही लिहा, मी नीट तपासून देईन. गुरुवारी छापखाना बंद असतो, मी दुपारभर घरी आहे. जिना अरुंद आहे, चौथी पायरी हलते, सांभाळून या. नाही म्हणायचं असेल, तरी येऊन म्हणा.

तुमच्याकडून उत्तर येईपर्यंत नुसतीच मुद्रितशोधक, आणि मनातून कधीची

तुमचीच