वसिष्ठाचा जोडीदार आणि आपली मामी

वलगाव,
गुरुवार

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. भाऊजींची कंबर कशी आहे? (बार्शीटाकळीच्या उन्हात त्यांना हिंडू देऊ नकोस. ते ऐकणार नाहीत, तरी सांग.) आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरा आहे. मामांचं पुढे लिहितो.

यंदाही कापसानं दगा दिला आणि गावात कोणी कोणाशी धड बोलेना, म्हणून मी शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावली. संध्याकाळी अर्धं गाव जमलं. सप्तर्षीतला वसिष्ठ दाखवला. दुर्बिणीतून पाहिलं की त्या एका ताऱ्याचे दोन होतात. हे जोडतारे, मी सांगितलं, दोघं मधल्या एका बिंदूभोवती फिरतात. जड असतो तो थोडाच हलतो, हलका मोठा फेरा मारतो. इथवर सगळं विज्ञान होतं. मग देवमनमामा उठले.

"म्हंजे मी जड," ते म्हणाले आणि मामीकडे बोट केलं. "मी ओट्यावर बसून राह्यतो, अन् हे गावभर फिरत राह्यते."

सगळे हसले, जाईमामी सोडून. (गाव किती दिवसांनी हसलं, ताई!) मामी एवढंच म्हणाली, "काट्यावर पाहू."

सकाळी जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर दोघं चढले. मामी जड निघाली. म्हणजे जिंकली तीच. पण मामांनी तिचं वजन चौकाचौकात सांगितलं आणि ती पिशवी भरून एसटीत बसली. कुठे गेली ते तुला काय सांगू, तुझ्याच स्वयंपाकघरात असेल.

मामा स्वतः रांधतात आणि वरणाला नावं ठेवायला कोणी नाही म्हणून उपाशी उठतात. काल दुर्बिणीपाशी येऊन विचारलं, "यातला एक निंगून गेला, तं दुसऱ्याचं काय होते?"

मी म्हणालो, त्याचं फिरणं संपतं. सरळ कुठेतरी भरकटत जातो.

मामा बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून उभे राहिले. (झाकण काढलेलं नव्हतं.)

तुझा,
अनुप

ता. क. : हे मामीला मोठ्यानं वाचून दाखव.

ता. क. दुसरा : काटाच खोटा होता असं लिही, असं मामा म्हणतात. लिहिलं.

ता. क. तिसरा : पत्र पोस्टात टाकत नाही, मामाच घेऊन निघालेत. तुझ्या हातात देऊन ते अजून दाराबाहेरच उभे असतील. मामीलाच उठून दार उघडू दे.