धाकटीच्या वाट्याचा पाव

गुंद, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या होमस्टेत उतरलेल्या इस्रायलच्या म्हाताऱ्या हानाबाई आज जेवताजेवता थांबल्या. आमचे हे जोयड्याहून अजून आले न्हाईत म्हणून मी यांचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. बाई त्या ताटाकडंच बघत राहिल्या. कुणाचं म्हणून विचारलं. माझ्या लेकीनं, सुमननं, इंग्रजीत सांगितलं. मग त्या बोलत गेल्या आणि सुमन मला मराठीत सांगत गेली.

बाईंची आई लहानपणी पोलंडात होती. नाझींनी तिथल्या ज्यूंना एका वस्तीत कोंडून भोवती भिंत घातली होती. एकेका खोलीत कितीतरी कुटुंबं. माणसं उपासानं रस्त्यातच मरून पडायची. आईची धाकटी बहीण अंगानं बारकी, म्हणून गटाराच्या भोकातून पलीकडं जाऊन बटाटे आणायची. एकदा ती परत आलीच न्हाई. आजीनं तिच्या वाट्याचा पाव फडक्याखाली झाकून ठेवला. सगळे उपाशी, तरी कुणी त्याला हात लावला न्हाई. शेवटी शेजाऱ्यानं येऊन सांगितलं, पोरीला भिंतीपाशी गोळी घातली. तेव्हा आजीनं तो पाव आईपुढं सरकवला. "खा. तू तरी जग."

"खाल्ला?" मी विचारलं.

काय विचारून बसले मी! न खाऊन काय करणार होती ती?

बाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या. सुमननं ते मला मराठीत सांगितलं.

"आई, त्या म्हणत्यात, त्यांच्या आईला मरेपर्यंत एकच गोष्ट टोचत होती. तो पाव तिला गोड लागला होता."