वहीत सोडलेल्या जागा

अप्पा, मी नापास झाले. तिसऱ्यांदा. चौथी संधी मिळणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळं भांडायचीही सोय नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती ही बातमी द्यायला. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "सरी, आयतु, झालं ते झालं. आता चहा पी." चहा माझा दोनदा पिऊन झाला. काही फरक पडला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मला मेटगळ्ळीच्या वर्कशॉपात स्टोअरला लागून तीनच वर्षं झाली होती. अजून तिथंच आहे. बोल्ट, वॉशर, बेअरिंग, तेलाचे डबे, कुठल्या मांडणीवर काय ठेवलंय ते डोळे मिटून सांगते. पेटी नुसती उचलली तरी आत किती नग उरलेत ते हाताला कळतं. पण आता हाताचं कोण विचारतो? सगळं स्टोअर कॉम्प्युटरवर गेलं, आणि ऑफिसातून नोटीस आली की स्टोअरच्या माणसांनी ऑनलाइन कोर्स पास व्हायला हवा. पास झाला त्याच्याकडं स्टोअर, नापास झाला तो पॅकिंगला, तेही कॉन्ट्रॅक्टवर. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्ट्या मारायच्या. माझे गुडघे तुम्ही बघितले नाहीत हे बरंच. तेव्हा हे मी हौसेनं शिकायला गेले नव्हते, अप्पा. बावीस वर्षं ज्या खुर्चीवर बसले, ती राखायला गेले होते.

नोटिशीबरोबर फोनवर एक पान आलं होतं, ऑनलाइन वर्गात यशस्वी कसं व्हावं म्हणून. वर कानडीत, खाली इंग्रजीत, आणि बाजूला हसऱ्या मुलांचं चित्र. त्यातली मुलं माझ्या लेकीहून लहान. शांत जागा निवडा, म्हणे. अग्रहारातल्या आपल्या त्या दोन खोल्यांत शांत जागा! शेवटी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लेकीचा लॅपटॉप मांडला, शेजारी कुकर, आणि भिंतीपलीकडं शेजारणीची कानडी मालिका. रोज एकाच वेळी बसा, तेही केलं. सहा वाजता मी धुतलेली साडी नेसून, केस विंचरून बसत होते. लेक हसायची. "अम्मा, तुला कोण बघतंय? कॅमेरा बंद आहे ना, अल्वा?" मी म्हणायचे, बंद असू दे, सर तर समोर आहेत. पानात पुढं लिहिलं होतं, शंका लगेच विचारा. तिथं मात्र माझं गाडं अडलं.

कसं अडलं ते तुम्हालाच कळेल, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. देवराज मोहल्ल्यातलं आपलं दुकान आठवा. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, तुमच्या गळ्यात टेप, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मापांची वही घेऊन मी. शाळा सुटली की दप्तरासकट तिथंच यायची. तुम्ही टेप लावत जायचा आणि न थांबता म्हणत जायचा, "खांदा साडेसतरा, छाती अडतीस, पोट छत्तीस." मापं म्हणताना तुम्हाला कुणी मधेच टोकलेलं खपत नव्हतं, तंद्री मोडायची, सगळं पहिल्यापासून घ्यावं लागायचं. एकदा मी "काय? किती?" म्हणून विचारलं, तर तुम्ही गिऱ्हाइकासमोर माझ्यावर केवढ्यानं ओरडलात! "सुम्ने राहा! माप चालू असताना तोंड उघडायचं नाही. ऐकू आलं नाही तर जागा सोड आणि पुढं लिही. मी भरतो नंतर." आणि भरायचाही. गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की तुम्ही माझ्या शेजारी उकिडवे बसायचा, वही मांडीवर घ्यायचा, आणि सोडलेल्या जागांवर बोट ठेवत एकेक माप सांगायचा. सगळं डोक्यात असायचं. मला वाटायचं, जगात असंच असतं. आपण जागा सोडायची, आणि मागून कुणीतरी येऊन ती भरतं.

आता ओट्यावरचा वर्ग बघा. सर कुठल्या गावचे कुणास ठाऊक, चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि बोलणं असं सुसाट की ऐकणाऱ्याला दम लागावा. इंग्रजी, मधे मधे हिंदी. मी लिहीत जाते. एक शब्द निसटतो, मी जागा सोडते, पुढं लिहिते. आणखी एक निसटतो, पुन्हा जागा. एकदा धीर करून विचारायला माईक चालू केला आणि त्याच क्षणी कुकरनं शिट्टी दिली. सर म्हणाले, "वा, कुणाचं तरी जेवण तयार झालं!" चाळीस माणसं असतील त्या वर्गात. कुणी हसलं की नाही ते दिसलं नाही, पण माझे कान तापले. त्यानंतर मी कधी माईकला हात लावला नाही. आता सगळ्यात मोठा वेडेपणा ऐका. तो वर्ग नंतर जसाच्या तसा पुन्हा बघता यायचा. मी तोही बघितला, एकदा नव्हे, दोनदा. आणि जिथं पहिल्यांदा जागा सुटली होती तिथंच दुसऱ्यांदाही सुटली, कारण सर बोलत असताना त्यांना थांबवायचं माझ्या मनातच आलं नाही.

लेकीनं एकदा सहज वही उघडली. दोनदा नापास होऊन मी तिसऱ्या परीक्षेची तयारी करत होते. ती पानं उलटत गेली, उलटत गेली, मग म्हणाली, "अम्मा, हे काय? एवढ्या रिकाम्या जागा?" मी म्हटलं, नंतर भरायच्या आहेत. "कोण भरणार?" तिनं टोमणा मारला नव्हता, अप्पा. तिला खरंच वाटलं की कुणीतरी आहे, एखादी मैत्रीण, ऑफिसातलं कुणी. तिनं लॅपटॉप ओढला, रेकॉर्डिंग लावलं, आणि सर तोंड उघडून बोलत असताना बटण दाबून त्यांना तसंच उघड्या तोंडानं थांबवलं. "बघ. एवढंच. मागं ने, पुन्हा ऐक, लिही. दहा वेळा ऐक." मी बघतच राहिले. माझा हात पुढं होईना. तिनं माझं बोट धरून त्या बटणावर ठेवलं, लहानपणी मी तिचं बोट धरून रांगोळीत फिरवायची तसं. त्या दिवसापासून रोज बसलो आम्ही दोघी. पण सहा महिन्यांच्या जागा, अप्पा, आणि परीक्षेला नऊ दिवस. निम्म्यासुद्धा भरल्या नाहीत.

मला तो नंजनगूडचा गृहस्थ आठवत होता त्या नऊ दिवसांत. मुलीच्या लग्नात घालायला बंद गळ्याचा कोट हवा म्हणून आला होता. मी तेरा वर्षांची. कोट म्हणजे तुमचा जीव. आपले पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात होते हे तुम्ही दर गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि म्हणायचा की घोडा गेला, तलवार गेली, पण ताठ उभा राहणारा कोट अजून आमच्या हातात आहे. त्या दिवशी रस्त्यावर हॉर्न फार वाजत होते, आणि मी एकापाठोपाठ तीन जागा सोडल्या. तुम्ही वहीकडं नजर टाकलीत आणि त्या गृहस्थाला हसत म्हणालात, "आमच्या बाईसाहेबांचं लक्ष आज बाजारात आहे." तो हसला. तुम्हीही हसलात. तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढचं सगळं मी लिहीत गेले, आणि नंतर वही बघून तुम्ही म्हणालात, "शाब्बास, तीननंतर एकही नाही!" संध्याकाळी घरी जाताना वाटेत थांबून तुम्ही मला निळं शाईपेन घेऊन दिलंत. टोपणावर सोनेरी पट्टी होती. अजून आहे माझ्याकडं, निब फाटलंय.

त्या गृहस्थाला ट्रायलला यायला वेळ नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो कोट न्यायला आला, दुकानातच अंगात घातला, आणि दोन्ही मनगटं उघडी. तुम्ही बाह्या उसवल्यात, आत दुमडलेलं कापड सगळं सोडलंत, तरी अर्धा इंच कमीच. तुम्ही वही काढलीत. बाही, तेवीस. माझं अक्षर, स्वच्छ, खाडाखोड नाही. तुम्ही किती वेळ त्या आकड्याकडं बघत होता. मग त्याला म्हणालात, "चूक माझी. मीच तेवीस म्हणालो असणार. पोरीची वही चुकत नाही." तो तसाच कोट घेऊन गेला. त्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला विचारत होता, "मी हल्ली विसरतो का गं?" मी पाटावर बसून जेवत होते. आई म्हणाली, छे, काहीतरीच काय. पण तुमच्या डोक्यातून ते गेलं नाही. आधी तुम्ही प्रत्येक माप दोनदा म्हणायला लागलात. मग कोट घेणंच बंद केलंत. मोठी कात्री तेल लावून फडक्यात गुंडाळून वर ठेवलीत, आणि शेवटपर्यंत शाळेचे युनिफॉर्म शिवत राहिलात. पन्नास चड्ड्या, पन्नास शर्ट, सगळे एका मापाचे. कुणी कोटाचं विचारलं तर म्हणायचा, "बेड, नको, आता डोकं साथ देत नाही."

परीक्षेच्या दिवशी कॅमेरा चालू ठेवावा लागतो. मी धुतलेली साडी नेसले, तुमचं पेन लॅपटॉपशेजारी ठेवलं. सातवा प्रश्न आला, माल किती उरला की नवा मागवायचा, त्याचं सूत्र. बावीस वर्षं मी हेच करते आहे! पेटी हलकी लागली की मागवायचं. पण सूत्र हवं होतं, आणि वहीत नेमकी तिथं जागा होती, न भरलेली. चार पर्याय होते. रिकामं सोडलं असतं तरी चाललं असतं, पण मला ते उघडं दिसणं सोसेना, कॅमेरा तोंडावर होता. मी एकावर बोट ठेवलं. आणि त्या क्षणी, अप्पा, ते बोट मी ओळखलं. त्यानंतर निम्मे प्रश्न मी तसेच सोडवले.

आज सकाळी निकाल आला. मॅनेजर चांगला माणूस आहे, त्यानं बसायला सांगितलं, पाणी दिलं, मग स्टोअरच्या चावीसाठी हात पुढं केला. नवी मुलगी पास झाली आहे, पहिल्या फटक्यात, हुशार आहे. तिनं मला विचारलं, "मॅडम, तिसऱ्या मांडणीवर मागं काय आहे?" मी सांगितलं. तिनं लगेच लिहून घेतलं, एक शब्द निसटला तर पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. सोमवारपासून पॅकिंग. लेक फोनवर म्हणाली, "अम्मा, दुसरा कोर्स बघू, दुसरं काम बघू." मी हो म्हटलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुठलं दुसरं काम, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्या मापांच्या वह्यांतली एकच माझ्याकडं उरली आहे, तीच ती, कोटाची. तिच्यात घालून ठेवते. ते पान मी आज पस्तीस वर्षांनी उघडलं. तीन जागा आहेत, तुम्ही नंतर सांगितलेली मापं माझ्याच अक्षरात भरलेली. त्यांच्या खाली बाही. चौथी जागा सोडायची मला लाज वाटली, अप्पा. बाहीचं माप मला ऐकूच आलं नव्हतं. तेवीस तुम्ही म्हणाला नव्हता, ते मी मनानं लिहिलं. तुमचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं.